'गो ऑफ' म्हणजे सुरू होणं की बंद पडणं?

प्रश्न असा आहे: 'द लाईट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. मग 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद झाला असं न होता तो वाजला, हे कसं? बॉम्ब फुटला तरी 'वेंट ऑफ', दूध नासलं तरी 'वेंट ऑफ', बैठक नीट पार पडली तरी 'वेंट ऑफ वेल'. एकाच क्रियापदाचे इतके आणि तेही एकमेकांच्या उलट अर्थ असतील तर ते ओळखायचे कसे? की सगळे पाठच करायचे?

पाठ करू नका. इंग्रजी शिकवताना आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं तपासताना हे क्रियापद माझ्यासमोर सतत येतं, आणि माझा अनुभव असा की अर्थांची यादी पाठ केलेला माणूस ऐन वाक्यात हमखास चुकीचा अर्थ उचलतो. त्याऐवजी एकच गोष्ट बघायची सवय लावा: वाक्यातला कर्ता कोण आहे, आणि 'गो ऑफ' होण्याच्या आधीच्या क्षणी तो कोणत्या अवस्थेत होता. तो अडकवून, रोखून ठेवलेला होता, की चालू होता? रोखून ठेवलेली गोष्ट 'गो ऑफ' झाली की तिचा भडका उडतो, आवाज होतो, ती सुरू होते. चालू असलेली गोष्ट 'गो ऑफ' झाली की ती थांबते. दोन्हींत घडतं ते एकच. ती गोष्ट आपली आधीची अवस्था सोडते.

हे परकं वाटायचं कारण नाही, कारण मराठीत अगदी हेच करणारं क्रियापद आपण रोज वापरतो. 'सुटणे' घ्या. गाडी सुटली म्हणजे निघाली, सुरू झाली. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे वाहू लागला, आणि सवय सुटली म्हणजे बंद झाली. घाम सुटतो तेव्हा तो येऊ लागतो, नोकरी सुटते तेव्हा ती हातची जाते. गोळी सुटते, गाठ सुटते, कोडं सुटतं, पोट सुटतं. यातलं 'सुरू होणं' कुठलं आणि 'संपणं' कुठलं, असा विचार करत आपण कधी थांबत नाही, कारण मुळातली कल्पना आपल्या अंगात मुरलेली आहे. काहीतरी बांधलेलं होतं, ते मोकळं झालं. मोकळं झाल्यावर ते धावू लागणार की नाहीसं होणार, हे त्या वस्तूवरून ठरतं. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात 'गो ऑफ' असंच बसलेलं असतं. त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

आपला घोटाळा होतो तो 'ऑफ' या शब्दामुळे. हा शब्द आपण मराठीत उचलला तो एकाच अर्थानं: बंद. पंखा ऑफ कर, फोन स्विच ऑफ येतोय, आज माझा मूड ऑफ आहे. बटणावर एका बाजूला ऑन आणि दुसऱ्या बाजूला ऑफ छापलेलं बघतच आपण मोठे होतो. त्यामुळे 'अलार्म वेंट ऑफ' ऐकलं की मन आपोआप बटणाकडे जातं. पण इंग्रजीत 'ऑफ'चा मूळ अर्थ 'बंद' नाहीच. तो आहे 'पासून दूर', 'वेगळं', 'सुटं'. झाकण निघालं, बटण तुटून पडलं, रंगाचा पोपडा निघाला, टोपी काढली, या सगळ्यांत 'ऑफ' येतो, आणि त्यांतलं काहीच 'बंद' झालेलं नसतं. खुद्द विजेच्या बटणातही आत घडतं ते वेगळं होणंच. धातूची एक पट्टी दुसऱ्या टोकाला टेकलेली असते, ती उचलली जाते, दोघांत फट पडते आणि प्रवाह तुटतो. दिवा बंद होतो तो पट्टी सुटल्याचा परिणाम म्हणून.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. जुन्या इंग्रजीत 'ऑफ' आणि 'ऑव्ह' असे दोन शब्द नव्हते. एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ 'पासून, दूर' असा होता. वाक्यात जिथे त्यावर जोर पडायचा तिथे त्याचा उच्चार ठसठशीत राहिला, जिथे जोर नव्हता तिथे तो मऊ पडून 'ऑव्ह' झाला. लिहिण्यातली त्यांची फारकत पक्की व्हायला सतरावं शतक उजाडावं लागलं. आपल्याकडे शाळेत दोन्ही शब्द 'ऑफ' असेच म्हणायला शिकवतात, तेवढं मात्र मोडून काढा. एका 'फ'चा शब्द 'ऑव्ह', दोन 'फ'चा शब्द 'ऑफ'. आणि 'गो ऑफ' म्हणताना जोर 'गो'वर द्यायचा नाही, 'ऑफ'वर द्यायचा. 'द अलार्म वेंट ऑफ' या वाक्यात 'ऑफ' गिळला तर ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं.

आता अलार्मकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. त्यासाठी आधी बंदूक बघावी लागते. 'गो ऑफ' हे शब्द बंदुकीच्या संदर्भात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आहेत. जुन्या बंदुकीत दारू भरलेली, घोडा मागे ओढून खटक्यात अडकवलेला, कमान ताणलेली. सगळी ताकद एका खटक्यानं धरून ठेवलेली. चाप ओढला की खटका सुटतो, घोडा आदळतो, बार उडतो. इथे 'ऑफ' म्हणजे खटक्यापासून सुटणं. जुन्या किल्लीच्या गजराच्या घड्याळात याच जातीची यंत्रणा असते. वेळ दाखवणारी कमान वेगळी आणि गजराची कमान वेगळी. गजराला किल्ली दिली की ती दुसरी कमान ताणली जाते, पण घंटेवर आपटणारा हातोडा एका पट्टीनं अडवून धरलेला असतो. लावलेली वेळ झाली की ती पट्टी सरकते, हातोडा मोकळा होतो आणि घणघणाट सुरू होतो. गजर रात्रभर भरलेल्या बंदुकीसारखा वाट बघत बसलेला असतो. सहा वाजता तो सुटतो. आज मोबाइलमध्ये कमानही नाही आणि हातोडाही नाही, तरी भाषेनं ते चित्र जपून ठेवलं आहे.

एकदा हे दिसलं की एक मोठा गट आपोआप उलगडतो. बॉम्ब, फटाका, सुरुंग, बंदूक यांचं तर उघडच आहे. पण गाडीतली एअरबॅग? ती घडी घालून, दाबून ठेवलेली असते. ती 'वेंट ऑफ' म्हणजे फुगून बाहेर आली. छतातले आग विझवणारे फवारे 'वेंट ऑफ' म्हणजे पाणी मारू लागले. कॅमेऱ्याचा फ्लॅश 'वेंट ऑफ' म्हणजे लखकन चमकला. हे शेवटचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण फ्लॅश हाही दिवाच. खोलीतला दिवा 'वेंट ऑफ' म्हणजे गेला आणि कॅमेऱ्यातला दिवा 'वेंट ऑफ' म्हणजे पेटला. वस्तू एकाच जातीची, क्रियापद तेच, अर्थ उलट. फरक इतकाच की खोलीतला दिवा आधीपासून जळत होता आणि फ्लॅश आत वीज साठवून तयार बसला होता.

याच्याच शेजारचं एक वाक्य: 'द वॉर्निंग लाईट वेंट ऑफ.' गाडीच्या डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा. इशाऱ्याचा आहे म्हणून अलार्मसारखा 'लागला' असं समजू नका. तो पेटलेला होता आणि आता विझला. पेटला असं म्हणायचं असेल तर 'केम ऑन' म्हणतात. इशारा आवाजाचा आहे की प्रकाशाचा, यावर इथे सगळा अर्थ फिरतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

चूक झाली तर काय होतं, याचं एक उदाहरण देतो. एका मालिकेची मराठी उपशीर्षकं माझ्याकडे तपासायला आली होती. एक मुलगी धापा टाकत ऑफिसात शिरते आणि साहेबांना म्हणते, 'सॉरी, माय अलार्म डिडन्ट गो ऑफ.' खाली मराठी होतं: 'माफ करा, माझा अलार्म बंदच झाला नाही.' आता अलार्म बंदच झाला नाही तर ती उलट लवकर उठायला हवी होती. साहेब पुढे तिला समजून घेतात, तेही मग प्रेक्षकाला कळेनासं होतं. भाषांतर करणारा इंग्रजीत कच्चा नव्हता. त्याच भागातली कठीण कायदेशीर वाक्यं त्यानं उत्तम केली होती. त्याला फक्त बटणावरचा 'ऑफ' आठवला. 'माझा अलार्म वाजलाच नाही' असं चार शब्दांचं साधं वाक्य हवं होतं.

मालिकेत हे निभावून जातं. इमारतीत लावलेल्या सूचनेत निभावणार नाही. 'इफ द फायर अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग ॲट वन्स.' म्हणजे आगीचा अलार्म वाजला की ताबडतोब बाहेर पडा. हेच कुणी 'अलार्म बंद झाला की बाहेर पडा' असं वाचलं तर तो माणूस अलार्म थांबायची वाट बघत आत बसेल. म्हणून अशा ठिकाणी मी विद्यार्थ्यांना बजावतो की आवाजानं इशारा देणारी कोणतीही वस्तू कर्ता असेल तर 'गो ऑफ' म्हणजे वाजणे, दुसरा विचार नको. सायरन, धुराचा अलार्म, गाडीचा अलार्म, पेजर, सगळे. फोनही यातच येतो: 'हिज फोन वेंट ऑफ इन द मिडल ऑव्ह द मीटिंग' म्हणजे भर बैठकीत त्याचा फोन वाजला. फोनची बॅटरी संपून तो बंद पडला असेल तर इंग्रजीत 'डाइड' म्हणणं जास्त रुळलेलं आहे. आणि वाजत असलेला अलार्म थांबला असं सांगायचं असेल तर 'गो ऑफ'ला हातच लावू नका. 'द अलार्म स्टॉप्ड' म्हणा. इंग्रजी बोलणारेही तसंच म्हणतात.

दुसरा गट चालू असलेल्या गोष्टींचा: दिवे, वीज, हीटर, टीव्ही. इथे मराठी माणसाला अडखळायला होत नाही, कारण आपणही 'लाईट गेली' असंच म्हणतो. 'गो' म्हणजे जाणं. दोन बारकावे मात्र आहेत. एक, याचा विरुद्धार्थी 'कम ऑन' आहे: दिवे आले, 'द लाईट्स केम बॅक ऑन'. आपण 'लाईट आली' म्हणतो तसंच. दोन, मेणबत्ती, शेकोटी, समई यांना 'गो ऑफ' चालत नाही. ज्योत विझते तेव्हा ती 'गोज आउट'. विजेच्या दिव्याला दोन्ही चालतं, ज्योतीला फक्त 'आउट'. 'द कँडल वेंट ऑफ' असं ऐकलं तर इंग्रजी माणसाला क्षणभर मेणबत्तीत सुरुंगाची दारू होती की काय असं वाटेल.

दूध, मासे, मटण यांचं 'गो ऑफ' होणं हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वापर. बिघडणं या अर्थानं हे शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात. चांगल्या अवस्थेत असलेली वस्तू त्या अवस्थेवरून ढळली, इतका साधा विचार आहे. अमेरिकेत याला 'गो बॅड' किंवा 'स्पॉइल' म्हणतात, आणि तिथल्या माणसाला 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' हे कळलं तरी ते परदेशी वाटतं. परिणाम सांगताना 'गो' गाळून 'द मिल्क इज ऑफ' म्हणायचीही पद्धत आहे. वास घेऊन नाक मुरडताना ब्रिटिश माणूस हेच म्हणतो. पण सगळंच खाणं 'गो ऑफ' होत नाही. शिळा पाव 'स्टेल' होतो, खवट लोणी 'रॅन्सिड' होतं, बुरशी आली तर 'मोल्डी'. मराठीतही दूध नासतं, पीठ आंबतं, तूप खवट होतं, भाजी सडते, भात विटतो; आपण प्रत्येकाला वेगळं क्रियापद देतो. 'गो ऑफ' त्यातल्या नासण्या-विटण्याच्या जवळचं आहे. शंका आली तर दूध, मांस आणि मासे यांच्यापुरतं ते वापरा, चुकणार नाही.

इथेच एक गमतीचा उपार्थ सांगतो, जो शब्दकोशात चटकन सापडत नाही. ब्रिटनमधले गवंडी आणि रेझिनचं काम करणारे लोक प्लास्टर, सिमेंट किंवा दोन भाग मिसळून केलेला गोंद घट्ट झाला की तो 'हॅज गॉन ऑफ' म्हणतात. बिघडला असा अर्थ नाही, सेट झाला. मिसळल्यापासून तो काम करण्याजोगा मऊ होता, ती अवस्था त्यानं सोडली. तुम्ही ब्रिटिश माणसाचा बांधकामाचा व्हिडिओ बघत असाल आणि तो 'वेट टिल इट गोज ऑफ' म्हणाला, तर प्लास्टर खराब व्हायची वाट बघायला तो सांगत नाहीये.

आतापर्यंतच्या सगळ्या वाक्यांत 'ऑफ'च्या पुढे काही नव्हतं. आता असा वापर बघू जिथे पुढे कर्म येतं: 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी.' कॉफी मला पूर्वी आवडायची, आता आवडत नाही. 'शी वेंट ऑफ हिम' म्हणजे तो तिच्या मनातून उतरला. हाही मुख्यतः ब्रिटिश वापर आहे. 'मनातून उतरणे' हा वाक्प्रचार इतका चपखल बसतो की मी वर्गात दुसरा प्रतिशब्द देतच नाही. उतरणं म्हणजेच एखाद्या जागेवरून सुटणं. फक्त दोन्ही भाषांत दिशा उलटी आहे. मराठीत ती व्यक्ती किंवा वस्तू आपल्या मनातून उतरते. इंग्रजीत आपण तिच्यापासून सुटतो. त्यामुळे मराठीच्या वळणानं 'कॉफी वेंट ऑफ मी' असं बनवलं तर वाक्य फसतं. कर्ता नेहमी माणूस.

यात दोन अटी न बोलता ठरलेल्या असतात. ती गोष्ट आधी आवडत असली पाहिजे. जन्मात कधी न आवडलेल्या कारल्याबद्दल कुणी 'गॉन ऑफ' म्हणणार नाही. आणि हे मन उडणं बहुतेकदा आपोआप, हळूहळू झालेलं असतं. ठरवून सोडलं असेल तर 'गिव्ह अप'. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कॉफी बंद केली तर 'आय गेव्ह अप कॉफी', आणि समोर आली तरी प्यावीशी वाटत नाही तर 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी'. पहिल्या माणसाला कॉफी अजून हवी असते. हा फरक संभाषणात फार उपयोगी पडतो.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ.' 'आय हॅव गॉन ऑफ मिल्क.' पहिल्यात दूध नासलं, दुसऱ्यात माझं दुधावरून मन उडालं. शब्द जवळपास तेच, फक्त कर्त्याची जागा बदलली. म्हणूनच मी म्हणतो की अर्थ क्रियापदात शोधू नका, कर्त्यापासून सुरुवात करा.

सर्वनाम आलं की व्याकरणाचा एक काटा टोचतो. 'टर्न इट ऑफ' बरोबर, तर 'गो इट ऑफ' चूक. 'टर्न'ला कर्म लागतं आणि ते मध्ये बसू शकतं. 'गो'ला स्वतःचं कर्म नाही; कॉफीचा संबंध 'ऑफ'शी आहे, म्हणून सर्वनाम 'ऑफ'च्या नंतरच येणार: 'आय हॅव गॉन ऑफ इट.' याच कारणानं 'गो ऑफ'चा कर्मणी प्रयोग होत नाही. 'द अलार्म वॉज गॉन ऑफ' असं मी उत्तरपत्रिकांत नेहमी वाचतो. अलार्म स्वतःच 'गोज ऑफ'. त्याला कुणी 'गो' करत नाही. कुणाच्या तरी हातून तो वाजला असं सांगायचं असेल तर 'सेट ऑफ' घ्यायचं: 'द स्मोक सेट ऑफ द अलार्म', धुरामुळे अलार्म वाजला. आणि वाजणारा अलार्म बंद करायला 'टर्न ऑफ'. तीन वेगवेगळी क्रियापदं, तिन्हींत 'ऑफ'. एका सकाळचं वर्णन करताना तिन्ही लागू शकतात: टोस्ट करपला आणि त्यानं अलार्म 'सेट ऑफ' केला, तो जोरात 'वेंट ऑफ', आणि मी खुर्चीवर चढून तो 'टर्न ऑफ' केला. हे एकदा स्वतः इंग्रजीत लिहून बघा. तिन्ही जागेवर बसली की पुन्हा गोंधळ होत नाही.

बैठक, समारंभ, परीक्षा यांच्यासाठी 'गो ऑफ' म्हणजे पार पडणे. 'द मीटिंग वेंट ऑफ वेल.' इथे एक अट आहे: कसं पार पडलं हे सांगणारा शब्द सोबत हवाच. वेल, स्मूदली, ॲज प्लॅन्ड, विदाउट अ हिच. नुसतं 'द मीटिंग वेंट ऑफ' म्हणाल तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. 'वेंट ऑफ बॅडली' असं म्हटलेलं क्वचित ऐकू येतं. हा वापर बहुतेक वेळा चांगल्या बातमीसाठीच राखलेला असतो. बिनसलं असेल तर 'वेंट बॅडली' पुरतं.

निघून जाणं हा साधा अर्थ मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात कुणी अडत नाही. 'ही वेंट ऑफ टु वर्क', तो कामावर गेला. नुसत्या 'वेंट'पेक्षा 'वेंट ऑफ'मध्ये इथून हलल्याची, आपल्याला सोडून गेल्याची छटा जास्त असते. रंगमंचावरून नट आत जातो तेही 'गो ऑफ'. मात्र 'गो ऑफ विथ' दिसलं की सावध व्हा. 'समवन वेंट ऑफ विथ माय अम्ब्रेला' म्हणजे कुणीतरी माझी छत्री घेऊन पसार झालं, न विचारता. आणि माणसाच्या बाबतीत 'ही वेंट ऑफ विथ समवन एल्स' म्हणजे जोडीदाराला सोडून तो दुसऱ्या कुणाबरोबर गेला. कुणाच्या घरची बातमी सांगताना सहज 'शी वेंट ऑफ विथ हर कलीग' म्हणाल आणि तुम्हाला म्हणायचं असेल फक्त 'ती सहकाऱ्याबरोबर निघाली', तर गैरसमज मोठा होईल. अशा वेळी 'लेफ्ट विथ' वापरा.

माणूस रागानं सुटतो तेही यातच. 'शी वेंट ऑफ ऑन हिम', ती त्याच्यावर तोंड सोडून बोलली. हे अमेरिकन बोलीतलं. ऑस्ट्रेलियात 'ऑन'ऐवजी 'ॲट' ऐकू येतं. इथे पुन्हा बंदूकच आहे: आत भरलेलं होतं, खटका सुटला. बोलता बोलता विषय सोडून भरकटणं म्हणजे 'गो ऑफ ऑन अ टँजंट', त्यात राग नाही. ब्रिटिश घरांत रडणारं बाळ अखेर झोपलं की हळू आवाजात 'ही हॅज गॉन ऑफ' म्हणतात, म्हणजे त्याचा डोळा लागला. आणि 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' हा वाक्प्रचार सरळ जुन्या बंदुकीतून आला आहे. घोडा अर्धाच ओढून ठेवला की बंदूक उडू नये अशी रचना असे, आणि त्या अवस्थेत ती उडाली तर बार नको तेव्हा, नको तिकडे जाई. पुरती तयारी नसताना घाईनं केलेल्या कामाला आज हे म्हणतात.

इंग्रजी शिकणाऱ्यांची ही तक्रार नवी नाही. सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपला मोठा इंग्रजी शब्दकोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यानं नोंदवलं की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परदेशी माणसाला सर्वांत अवघड जाते. म्हणून त्यानं असे प्रयोग कसोशीनं गोळा केले. तोवर या प्रकाराला आजचं नावही मिळालेलं नव्हतं. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 साली छापील पुस्तकात वापरली आणि ती पुढे रूढ झाली.

वहीत नोंद करायची असेल तर 'गो ऑफ' असं लिहून पुढे सात अर्थ लिहू नका. कर्त्यासकट लिहा: अलार्म गोज ऑफ, लाईट्स गो ऑफ, मिल्क गोज ऑफ, आय गो ऑफ समथिंग, मीटिंग गोज ऑफ वेल. पाच छोटी वाक्यं, प्रत्येकासमोर मराठीत एक-एक शब्द: वाजला, गेले, नासलं, मन उडालं, पार पडली. मोठ्यानं म्हणताना जोर 'ऑफ'वर. फक्त शेवटच्या वाक्यात तो 'वेल'कडे सरकतो. नवं वाक्य समोर आलं की त्यातला कर्ता या पाचांपैकी कुणाच्या जातीचा आहे ते बघायचं. 'द स्प्रिंकलर्स वेंट ऑफ ॲट मिडनाइट' हे मात्र दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं. आगीचे फवारे असतील तर ते सुरू झाले. पण बागेत रात्री अकराला ठरल्याप्रमाणे लागलेले पाण्याचे फवारे असतील तर बाराला ते बंद झाले असाही अर्थ निघेल. अशा वेळी मागचं वाक्य वाचल्याशिवाय भाषांतर लिहू नका. आणि स्वतः इंग्रजीत लिहीत असाल तर सरळ 'स्टार्टेड' किंवा 'स्टॉप्ड' लिहा.